मिश्रीशेठ आणि सहासष्टचा रुपया

शहाद्याच्या सराफ गल्लीत आमच्या पेपरचं ऑफिस मिश्रीशेठच्या पेढीच्या समोर होतं. मध्ये आठ-दहा हात रुंदीची गल्ली. शेठ पेढी उघडली की आधी पेपर मागवत. पण ते पेपर वाचत नसत, तपासत. एखाद्या बातमीवर बोट ठेवून गल्लीच्या पलीकडून विचारत, "पेपरवाले, हे तुम्ही पाहिलं, की कोणी सांगितलं?" 'सांगितलं' असं उत्तर मिळालं की बोट पुढच्या बातमीवर जाई. एकदा पाण्याच्या टाकीच्या गळतीची बातमी मी स्वतः टाकीवर चढून आणली होती. तसं सांगितलं, तर शेठ म्हणाले, "चढताना सोबत कोण होतं?"

पेढीच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून देण्याचं दुकान आहे.

शेठचे आजोबा राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातून आले होते. घरात बोली मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि माझ्याशी बोलताना शेठ जरा जपून मराठी वापरत. आपलं बोलणं उद्या छापून येईल अशी त्यांना कायम धास्ती असावी. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, आवाज हळू. हाताची नखं अगदी मुळापासून कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं नख राखलेलं. ते नख रुपया वाजवण्यासाठी होतं. चांदीचा रुपया नखावर ठेवून उडवायचा, गादीपुढच्या काळ्या दगडावर पडू द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचं. खऱ्या रुपयाचा आवाज लांबतो, भेसळीचा लगेच बसतो. हे काम त्यांनी बाराव्या वर्षी वडिलांच्या शेजारी बसून सुरू केलं आणि पुढे जन्मभर केलं. बोलता बोलता, फोनवर असताना, कोणाला रस्ता सांगतानाही तो अंगठा आपलं काम करत असे.

पेढीत दोन तराजू होते. प्रत्येक वस्तूचं दोन्हींवर वजन होई. मी एकदा कारण विचारलं. शेठ म्हणाले, "एकटा तराजू काहीही सांगू शकतो. दोन असले म्हणजे त्यांचं भांडण होतं, आणि भांडणात खरं बाहेर येतं." घरी तिसरा तराजू होता. त्याचं काम काय, ते मी विचारलं नाही.

हा संशय धंद्यापुरता नव्हता. भाजीवाली भाव उतरवून सांगू लागली की शेठ पिशवी मिटून पुढे जात. "जो कमी घेतो त्याच्याकडे दोनदा पाहायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. नातीच्या लग्नाचा मुहूर्त त्यांनी तीन ठिकाणी दाखवला होता. तिघांनी एकच तारीख दिली, तेव्हा शेठच्या मनात आलं की तिघे एकमेकांना फोन करत असणार.

या स्वभावाने त्यांना अनेकदा वाचवलं. आतून तांबं भरलेल्या बांगड्या, वरून सोन्याचं पाणी दिलेली बिस्किटं, असले प्रकार गल्लीतल्या इतर पेढ्यांवर खपले, मिश्रीशेठकडे नाही. पण त्याची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. धडगावच्या बाजूची एक पावरा आदिवासी बाई आईचे चांदीचे वाळे विकायला आली होती. आई वारल्याला महिना झाला होता. वाळे चांगलेच जड होते आणि बाई भाव न करता शेठ देतील ते घ्यायला तयार होती. शेठना संशयाला तेवढं पुरलं. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि तिच्या गावच्या सरपंचाला फोन लावला. डोंगरात फोन लागेना. दुपार गेली, धडगावची शेवटची गाडीही गेली. सरपंच बोलला तेव्हा दिवेलागण झाली होती. वाळे तिच्या आईचेच होते. शेठनी पूर्ण भाव दिला, घट, म्हणजे वितळवताना येणारी तूट, कापली नाही, बाईला रात्री घरी जेवायला आणि राहायला नेलं. सकाळी गाडीत बसवून दिलं. चुकलं असं मात्र म्हणाले नाहीत. बाईने गाडीच्या खिडकीतून त्यांच्याशी बोलायचं टाळलं, हे मी पाहिलं आहे.

सारंगखेड्याचे रोहिदास आप्पा हे शेठचे बाजाराच्या दिवसाचे सोबती. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तापीकाठी केळीची शेती, मुलगा पुण्यात नोकरीला, पत्नी वारलेली. घरी आप्पा आणि त्यांची घोडी. घोडी मारवाडी जातीची, नाव मैना. ती आप्पांच्याच दारात जन्मली होती आणि तिच्या पाठीवर पहिलं खोगीर आप्पांनीच ठेवलं होतं. आप्पांना दुसरा नाद राणीछाप, म्हणजे इंग्रज राणीचा चेहरा असलेल्या जुन्या चांदीच्या रुपयांचा. बाजाराच्या दिवशी ते शहाद्याला येत, शेठच्या गादीवर टेकत आणि दोघांची बोलाचाली सुरू होई.

"शेठ, मन्ही घोडी बी मारवाडी, तुम्ही बी मारवाडी. फरक इतलाच, घोडी मन्हं ऐकस."

"घोडीले तुम्ही चारा टाकतस, आप्पा. माले कधी चहा तरी पाजा का?"

आप्पांच्या संग्रहात एक रुपया डबीतला होता. डबीतला म्हणजे परदेशातल्या एका कंपनीने तपासून, आकडा देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचा बंद केलेला. हे आकडे सत्तरपर्यंत जातात. साठाच्या पुढचं नाणं म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर कोणाच्या खिशात न गेलेलं. साठाच्या पुढे एकेक आकडा वाढतो तसा फरक बारीक होत जातो आणि किंमत उड्या मारत जाते. आप्पांचा रुपया सहासष्ट होता. पावसाळा संपता संपता सुरतेचा केतनभाई नावाचा दलाल त्याच सालचा, त्याच टांकसाळीचा, सदुसष्ट आकड्याचा रुपया घेऊन आला. एका आकड्याच्या फरकाला त्याने सांगितलेली किंमत आप्पांच्या रुपयाच्या सातपट होती.

"सदुसष्टमां आ एकज छे, शेठ," केतनभाई म्हणाला. "पुरा महाराष्ट्र-गुजरात में दूसरा नहीं मिलेगा."

त्याने तो रुपया शेठकडे जांगड ठेवला. जांगड म्हणजे पसंतीसाठी ठेवलेला माल. पटला तर पैसे, नाही तर वस्तू परत. त्यावर पेढीचा शब्द पुरतो, कागद लागत नाही. मुदत मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेपर्यंत ठरली, कारण आप्पांकडे एवढे पैसे एकरकमी उभे राहण्याचा एकच मार्ग होता. ते यात्रेत मैना विकणार होते.

त्या दिवसापासून शेठनी त्या डबीचा पिच्छा पुरवला. त्यांचे आक्षेप मी ऐकले तसे देतो. पहिला, दलालाला घाई का नाही? "एवढी मोलाची वस्तू माणूस तीन महिने दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवतो, म्हणजे त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही." दुसरा, एकच आहे हे कोण सांगतं? डबीवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की फोटो आणि आकडा येतो, असं केतनभाईने मोबाइलवर दाखवलं होतं. शेठ म्हणाले, "डबी त्यांची, आकडा त्यांचा, वेबसाइट त्यांचीच. साक्षीदार तिन्ही एका घरचे." तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. आज वरच्या आकड्याचे थोडे आहेत, कारण थोड्यांनीच पाठवले आहेत. किमती वाढल्या की ज्याच्या त्याच्या कपाटातून रुपये निघतील आणि तपासायला जातील. "घोडी म्हातारी होते, मरते. रुपया मरत नाही. तो वाढतच जाणार. मग आज दिलेले सातपट पैसे कशाचे?"

आप्पा गप्प बसणारे नव्हते. सारंगखेड्याच्या माणसाला सूक्ष्म फरकाची किंमत शिकवावी लागत नाही. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. गळ्यावर योग्य जागी असलेला भोवरा शुभ. तोच सरकलेला असला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

"भवरा बोटभर खाले उना, की घोडीनं मोल अर्धं व्हई जास," आप्पा म्हणाले. "धावाले आडवा येस का भवरा? नही. पन भाव पडसच. घेनारानी आन् देनारानी मान्य करं, मंग तोच भाव."

"भवरा सगळी यात्रा देखस, आप्पा," शेठ म्हणाले. "तुम्ही देखतस, मी देखस, घेनारा हात लाईसन देखस. हाऊ आकडा देनारा कोन? त्याले कोनी देखा?"

तरी आप्पांनी घोडी विकण्याचा बेत सोडला नाही.

मग शेठनी एक बाजारचा दिवस या कामाला लावला. आप्पांची डबी मागून घेतली, दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून आकडे झाकले आणि पेढीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, यातला चांगला कोणता? गिऱ्हाइकांना वाटलं, बक्षीस आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक उचलला, वकिलांच्या कारकुनाने दुसरा. जोड गिऱ्हाईक आलं तर नवरा-बायकोत वाद लागला. एका म्हाताऱ्याने दोन्ही डब्या उलट्या-सुलट्या करून विचारलं, आतलं काढून देणार की असंच? संध्याकाळपर्यंत मतं जवळपास निम्मी-निम्मी झाली. शेवटी शेठनी त्या डब्या आप्पांपुढे ठेवल्या. आप्पांनी भिंग लावलं, बराच वेळ घेतला आणि डावीकडची उचलली. शेठनी कागद काढला. सहासष्ट.

"मन्हा रुपया मी वयखा," आपला रुपया ओळखल्याचं आप्पांनी ताडकन सांगितलं.

"वयखा म्हनीसन चांगला सांगा, का चांगला दिसना म्हनीसन?"

गादीवरची चार माणसं हसली. आप्पांचा चेहरा लाल झाला. मला ते हसणं तेव्हाच जास्त वाटलं. आप्पा उठले, टोपी घातली आणि चहा न घेता निघून गेले. पुढच्या बाजाराला ते आले, पण आल्या आल्या म्हणाले, "ठरनं. यात्रामा मैना इकसू."

तेव्हा शेठनी तोडगा काढला. तो मांडताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता, त्यामुळे मला तो पूर्ण लक्षात आहे. आप्पांचा सहासष्टचा रुपया डबीतून बाहेर काढायचा आणि सुटा रुपया म्हणून, जुना आकडा न सांगता, मुंबईच्या एजंटकडून पुन्हा त्याच कंपनीकडे पाठवायचा. तो सदुसष्ट होऊन आला, तर आकडे वाऱ्यावरचे आहेत हेही कळलं आणि आप्पांना त्यांचा सदुसष्ट जवळपास फुकट मिळाला. मैना घरी राहील. तो पुन्हा सहासष्टच आला, तर कंपनी इमानदार. मग खुशाल घोडी विकावी, शेठ एक शब्द बोलणार नाहीत.

आप्पांनी दोन दिवस विचार केला. माझ्याकडे ऑफिसात येऊन विचारलं, "यामा काही खोट दिसस का तुमले?" मला दिसत नव्हती. तसं सांगितलं.

डबी फोडली त्या दुपारी पेढीवर आम्ही तिघेच होतो. शेठनी हात साबणाने दोनदा धुतले. गादीवर मखमलीचा तुकडा पसरला. सोनारकामाची बारीक करवत घेऊन डबीची शिवण चारही बाजूंनी कापायला सुरुवात केली. करवतीचा दात आत जाऊ नये म्हणून ते श्वास धरून एकेक ओढ घेत होते. आप्पा गुडघ्यांवर बसून पाहत होते. शेवटी प्लास्टिक 'कट्' आवाज करून उघडलं आणि रुपया शेठच्या तळहातावर आला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याला हात लावत होतं. शेठनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरला.

आणि त्यांच्या अंगठ्याने त्याचं काम केलं.

रुपया उडाला, काळ्या दगडावर पडला, आणि एक लांब, स्वच्छ आवाज पेढीभर फिरला. शेठनी मान तिरकी केली. आवाज पूर्ण संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "खरा शे."

त्यानंतर त्यांना कळलं.

"शेठ," आप्पा म्हणाले, "हाई काय करं तुम्ही?"

शेठ स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते. रुपया दगडावरून घरंगळून गादीच्या कडेला थांबला होता. तो आप्पांनी उचलला. तिघांनी आळीपाळीने भिंगातून पाहिला. कडेला कुठे ठोक दिसली नाही. चांदी मऊ असते, दगड कठीण असतो. पण दिसलं काही नाही. शेठ म्हणाले, "पाठवू या." आप्पा हो म्हणाले. रुपया मुंबईला गेला.

यात्रेला पंधरवडा उरला असताना तो परत आला. नवी डबी, नवी चिठ्ठी, आकडा त्रेसष्ट. आप्पांच्या रुपयाचे तीन आकडे आणि किमतीतला बराचसा पैसा गेला होता. का, ते लिहिलेलं नव्हतं. कंपनी कारण देत नाही, आकडा देते.

यानंतर जे झालं ते शेठच्या हिशेबात नव्हतं. त्यांना वाटलं होतं, आप्पा चिडतील आणि डब्यांचा नाद सोडतील. आप्पा चिडले, पण डब्यांवर नाही. त्यांचं म्हणणं असं: आम्ही तिघांनी भिंग लावूनही जी ठोक दिसली नाही ती कंपनीने पकडली. म्हणजे तपासणारा आपल्यापेक्षा बारीक पाहतो. म्हणजे आकडा खरा आहे, आणि सदुसष्टही खरा आहे.

गल्ली त्याच्याही पुढे गेली. शेठनी रुपया मुद्दाम वाजवला, असं बोललं जाऊ लागलं. आप्पांचा सहासष्ट बिघडला की त्यांना सदुसष्ट घ्यावाच लागणार, आणि सदुसष्टवर पेढीची दलाली आहे. ही गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली. तिघांपैकी कोणीही त्या दुपारी तिथे नव्हतं. पण ज्यांनी मिश्रीशेठना चाळीस वर्षं प्रत्येक माणसात डाव शोधताना पाहिलं होतं, त्यांना शेठमध्येही डाव असणं सहज पटलं.

आप्पा माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. "तुम्ही तठे व्हतात. तुम्ही सांगा. हात चुकना, का मुद्दाम करं?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. आधी रुपया उडाला. मग शेठ हसले. मग त्यांचा चेहरा उतरला. मनात काय होतं ते मला दिसलं नाही.

"हसनात ना ते?" आप्पा म्हणाले. तेवढंच घेऊन ते गेले.

शेठच्या कानावर हे सगळं आलं असणार. गल्ली आठ-दहा हातांची होती. दोन दिवसांनी त्यांनी आप्पांना निरोप पाठवून बोलावलं. मलाही हाक मारली. गादीवर सदुसष्टची डबी ठेवलेली होती. शेठनी केतनभाईला पूर्ण पैसे देऊन ती स्वतः विकत घेतली होती. शेठ सोन्यातल्या दाणाभर घटीवरून अर्धा दिवस हुज्जत घालणारे. ज्या वस्तूवर त्यांचा कणभर विश्वास नव्हता, तिला त्यांनी सातपट किंमत मोजली होती.

"आप्पा, हाऊ तुम्हना," त्यांनी डबी पुढे सरकवली. "मन्हा हाततून नुकसान व्हयनं. पेढी भरीसन देस. मैनाले इकू नका."

आप्पांनी डबीला हात लावला नाही.

"चार दानाले भांडनारा मानूस," ते सावकाश म्हणाले, "अन् सदुसष्टना रुपया फुकट दी ऱ्हायना?"

"फुकट नही. भरपाई."

"भरपाई सहासष्टनी व्हई. ही सातपट शे." आप्पा डबीकडे पाहत होते, शेठकडे नाही. "काय शे याना मा, शेठ? डबी खोटी शे, का भाव पडनारा शे? तुमले काही तरी मालूम पडनं."

"काही नही, आप्पा. तुम्हीन कोनले बी दाखाडा. मुंबईले पाठवा."

"पाठाडा व्हता ना एक," आप्पा म्हणाले. "जो कमी लेस त्याकडे दोनदा देखनं, हाई कोन सांगस? तुम्हीच ना? तुम्ही तं काहीच लेत नही."

शेठनी डबी आणखी थोडी पुढे सरकवली. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखत होतो. आपण एकदा सरळ बोलत आहोत हे समोरच्याला कसं पटवायचं, याची सवय त्यांना नव्हती. ती लागण्याची वेळच कधी आली नव्हती.

आप्पांनी खिशातून त्रेसष्टची डबी काढली आणि गादीवर ठेवली. "हाऊ तुम्हीच ठेवा. वाजाडत बसा."

यात्रेची बातमी मलाच करायची होती, म्हणून मैनाचा सौदा मी पाहिला. घेणारा बाहेरच्या जिल्ह्यातला होता. त्याने गळ्यावरचा भोवरा बोट ठेवून पाहिला, दात पाहिले, दुडकी पळवून पाहिली. मग आप्पांच्या हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटांनी भाव ठरला. काय ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. रुमाल काढल्यावर आप्पांनी लगाम त्याच्या हातात दिला. मैना चार पावलं गेली आणि थांबली. घेणाऱ्याने लगाम ओढला. आप्पा तोवर वळून गर्दीत शिरले होते.

पैसे घेऊन आप्पा सरळ सुरतेला गेले. शेठना वगळून, दलालाकडे. केतनभाईने त्यांना आठवड्याच्या आत रुपया आणून दिला. तेच साल, तीच टांकसाळ, आकडा सदुसष्ट. किंमतही तीच.

ही बातमी शेठना मी सांगितली. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही पाहिला?" मी पाहिला होता, आप्पांनी स्वतः दाखवला होता.

"म्हणजे दोन होते," ते म्हणाले.

त्यांचा संशय बरोबर निघाला होता. तसं मी म्हणालोसुद्धा. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. दुसरा निघाला तसा तिसराही निघेल आणि आप्पांचा रुपया एक दिवस निम्म्यावर येईल, हे त्यांना दिसत होतं. ते आप्पांना कोण सांगणार होतं? आप्पा बाजाराला शहाद्याला येत, पण आमच्या गल्लीतून जात नसत. स्वतःचा सदुसष्ट शेठनी तिजोरीत ठेवून दिला. तो पुन्हा कोणाला दाखवल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. निरोप घ्यायला मी पेढीवर गेलो तेव्हा दुपार होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. शेठ खिडकीशी बसले होते. पुढ्यात मखमलीचा तुकडा, त्यावर चिरलेली प्लास्टिकची डबी. त्रेसष्टचा रुपया त्यांनी पुन्हा बाहेर काढला होता. भिंग डोळ्याला लावून ते तो कडेने, केसभर केसभर, फिरवत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बसा."

मी बसलो. बदलीचं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने भिंग आणि रुपया माझ्या हातात दिला.

"तुमचे डोळे चांगले आहेत. कडेला कुठे ठोक दिसते का?"

प्रश्न साधा होता, पण त्यांना काय हवं होतं ते स्पष्ट होतं. ठोक नसेल तर त्यांच्या हाताने काही बिघडलं नव्हतं. कंपनीनेच एका रुपयाला दोनदा दोन वेगळे आकडे दिले होते आणि आप्पांची घोडी त्यांच्या अंगठ्यामुळे गेली नव्हती. मी रुपया उजेडात धरला आणि पूर्ण फिरवून पाहिला. कडेचे दाते सगळे एकसारखे होते. खात्रीसाठी पुन्हा एकदा फिरवला. दोन्ही बाजूंचे काठ पाहिले, राणीचा चेहरा पाहिला, मागची वेलपत्ती पाहिली.

"नाही शेठ," मी म्हणालो. "कुठेच नाही."

"नीट पाहिलं?"

"दोनदा पाहिलं. ठोक नाही."

शेठनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाने गादीवर ठेवलेल्या बांगडीकडे ते असेच पाहत.

"तुम्ही गाव सोडून चालले," ते म्हणाले. "जाताना माणूस गोड बोलतो."

मी खरं बोललो होतो. तसं पुन्हा सांगितलंही. शेठनी माझ्या हातातून रुपया आणि भिंग काढून घेतलं, भिंग डोळ्याला लावलं आणि ते तो पहिल्या दात्यापासून फिरवायला लागले.